दप्तर कोणाचं?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा काय असणार हे आता कुणाला विचारावं लागत नाही: ‘यंदाही मुलींचीच बाजी’. २०२४ मध्ये राज्यात दहावीला ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९४.५६ टक्के. २०२५ मध्ये मुली ९६.१४ आणि मुलगे ९२.३१. त्याच वर्षी बारावीची दरी आणखी रुंद होती, ९४.५८ आणि ८९.५१. मुलींचं कौतुक व्हायलाच हवं. मागे राहिलेल्या मुलग्यांबद्दल मात्र बातमीत एखादं वाक्य येतं आणि बाकीचं स्पष्टीकरण घरोघरी तयारच असतं: हुशार आहे हो, पण अभ्यासाला बसत नाही.

या वाक्याची जगभर बरीच तपासणी झाली आहे. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठातल्या डॅनियल आणि सुझन व्हॉयर यांनी १९१४ ते २०११ या काळातले शाळेच्या गुणांचे अभ्यास एकत्र करून पाहिले. वर्गात मिळणाऱ्या गुणांत मुली पुढे आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वीही होत्या, असं त्यांना २०१४ मध्ये दिसलं. भाषांमध्ये फरक जास्त, गणितात कमी. म्हणजे मोबाइल आल्यापासून मुलगे बिघडले, ही तक्रार निदान अर्धी तरी खोटी आहे. अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचा अभ्यास मांडला. बुद्धिमापन चाचणीत मुली पुढे नव्हत्या, वर्गातल्या गुणांत मात्र प्रत्येक विषयात होत्या. फरक पडत होता तो स्वयंशिस्तीत: हातातलं सोडून कामाला लागणं, लागलेलं काम संपवणं. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०१२ च्या फेरीत पंधरा वर्षांचे मुलगे गृहपाठाला मुलींपेक्षा आठवड्याला सुमारे एक तास कमी देत असल्याचं आढळलं.

ही सगळी सरासरीची भाषा आहे, हे विसरू नये. नीटनेटके मुलगे प्रत्येक वर्गात असतात आणि पसारा घालणाऱ्या मुलीही असतात. त्या मुलींकडे तर उलट कुणाचं लक्षच जात नाही, कारण त्या वर्गात गप्प बसतात. तरी नववीच्या पालकसभेत बाई ज्यांची नावं घेऊन ‘वही अपूर्ण’ म्हणतात त्यांत मुलगे किती, हे शिक्षकांना विचारा. बोटांवर मोजायची वेळ मुलींची येते.

मग ‘अभ्यासाला बसत नाही’ म्हणजे नेमकं काय होत नाही? गृहपाठ ही एक गोष्ट वाटते, पण तिच्या आत कितीतरी हालचाली आहेत. तास संपता संपता फळ्यावर लिहिलेलं डायरीत उतरवायचं. त्यासाठी लागणारी वही आणि पुस्तक, दोन्ही दप्तरात टाकायची. घरी आल्यावर ते आठवायचं. करायचं. केलेलं पुन्हा दप्तरात घालायचं, आणि शेवटी बाईंच्या टेबलावर ठेवायचं. यातली एकच हालचाल अभ्यासाची आहे, बाकीची सगळी ने-आण. पसारेवाल्या मुलाचं घोडं बहुतेक वेळा या ने-आणीत अडतं, आणि ओरडा मात्र अभ्यासाच्या नावाने बसतो.

माझ्या आठवीतल्या भाच्याचं दप्तर एकदा त्याच्याच परवानगीने सतरंजीवर उपडं केलं होतं. दोन डब्यांचे चमचे, टोपणाशिवायची पेनं आणि पेनांशिवायची टोपणं, आठ घड्या घातलेली पहिल्या घटक चाचणीची उत्तरपत्रिका (सही राहिलेली), होऊन गेलेल्या सहलीचं संमतिपत्र, कंपासपेटीत कर्कटक सोडून सगळं. मराठीची वही दोन, कारण पहिली हरवली म्हणून दुसरी घेतली आणि मग पहिली सापडली; आता निम्मे धडे हिच्यात आणि निम्मे तिच्यात. हिंदीच्या पुस्तकात विज्ञानाच्या प्रकल्पाचे कागद होते, पूर्ण केलेले, आकृत्यांना नावं दिलेले. द्यायची तारीख उलटून गेली होती.

“अरे, हा तर झालाय तुझा. दिला का नाहीस?”

“त्या दिवशी सापडलाच नाही, मामा. मग दुसऱ्या दिवशी दिला असता तर मॅडम ओरडल्या असत्या.”

“आणि आता?”

“आता तर जास्तच ओरडतील.”

या मुलाने अभ्यास केला होता. शिक्षकांच्या यादीत तो ‘प्रकल्प सादर केला नाही’ म्हणून लागला, घरी ‘आळशी’ म्हणून, आणि त्याच्या स्वतःच्या मनात ‘मला जमत नाही’ म्हणून. तिसरी नोंद सगळ्यांत महागात पडते. कारण दोन-तीन वर्षं हे चाललं की मूल लपवायला शिकतं, आणि लपवणाऱ्या मुलाला मदत करणं फार कठीण असतं.

मुलग्यांच्याच बाबतीत हे अधिक का होतं, याचं एक उत्तर मेंदूकडे बोट दाखवतं. पुढचं पाहून आखणी करणं, मोह आवरणं, एकाच वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवणं ही कामं कपाळामागचा मेंदूचा भाग सांभाळतो आणि तो पुरता तयार व्हायला पंचविशीच्या आसपास वय उजाडतं. हे खरं आहे, मुलींनाही लागू आहे, आणि पालकांच्या हाती त्यातून धीर धरण्याव्यतिरिक्त काही लागत नाही. ‘मुलगे असेच असतात’ हे जुनंच वाक्य शास्त्राचे कपडे घालून परत येतं, इतकंच.

मला घरातलं उत्तर जास्त पटतं. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलींपैकी सुमारे ८६ टक्के मुली रोज घरकाम करत होत्या, मुलग्यांत हे प्रमाण सुमारे ६६ टक्के होतं. मोठ्यांचा हिशेब तर विचारूच नका: २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. आता घरकाम म्हणजे काय? कुकर लावायच्या आधी डाळ भिजवलेली हवी हे लक्षात ठेवणं. पाणी यायच्या वेळेला घरी असणं. वाळलेले कपडे ज्याचे त्याच्या कप्प्यात ठेवणं. आखणी, क्रम, वस्तूची जागा, दिलेली वेळ. गृहपाठाच्या त्या ने-आणीत लागतं ते सगळं मुलगी दहाव्या वर्षापासून न मागता शिकते. तिच्यावर हा अन्याय आहे आणि तिचा अभ्यासाचा वेळ त्यात जातो, हे तर आहेच. पण भावाला आपण ज्या शिकवणीला कधी घातलंच नाही त्याच विषयात तो नापास होतो आणि आपण नवल करतो. याने गुणांची सगळी दरी उलगडते असा माझा दावा नाही; कॅनडा-अमेरिकेतही दरी आहेच, आणि घरकामाची असमान वाटणी तिथेही आहे.

मुलग्याच्या नीटनेटकेपणाचं काम घरात अर्थातच कुणीतरी करत असतं. आई. वेळापत्रक बघून दप्तर ती भरते, वह्यांना कव्हरं ती घालते, पाण्याची बाटली तिच्या लक्षात असते. कोविडनंतर तर या कामाला यंत्रणाच मिळाली. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि गृहपाठ थेट आईच्या मोबाइलवर यायला लागला. आजारी मुलासाठी सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट कायमची झाली. मुलाने फळ्यावरचं उतरवून घेतलं नाही तरी काही बिघडत नाही. रात्री नऊ वाजता ‘उद्या इतिहासाचं काय आहे?’ असा निरोप एका आईने टाकला की दुसरी आई वहीच्या पानाचा फोटो पाठवते. पोरं तोवर झोपलेली असतात. शाळेला वाटतं पालकांचा सहभाग वाढला. सहभाग वाढला तो आईचा, आणि तेवढाच मुलाचा घटला.

शाळेचाही वाटा आहे. बालशिक्षणात हे भान आपल्याकडे फार लवकर आलं होतं. मॉन्टेसरींच्या पद्धतीत प्रत्येक साधनाची जागा ठरलेली असते आणि काम झालं की मुलाने ते स्वतःच जागेवर ठेवायचं असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हे पांढरपेशा घरांच्या बाहेर, आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. चार वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा असते की त्याने मणी परत पेटीत ठेवावेत. पुढे पहिलीत गेल्यावर बाक, दप्तर आणि पोर्शन सुरू होतो आणि ही शिकवण तिथेच थांबते. मग थेट नववीत विचारणा होते की एवढा मोठा झालास, तुला साधं वेळापत्रक कळत नाही?

नववीच का? शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं, आणि त्यामागे चांगलं कारण होतं. नापासाचा शिक्का बसलेली गरीब घरातली मुलं शाळाच सोडत होती. पण वर्षभराचा हिशेब एकदम मागितला जाण्याची पहिली वेळ त्यामुळे नववीत यायला लागली. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. परीक्षेची धास्ती आली की सवय आपोआप लागते, असा त्यामागचा एक समज दिसतो. धास्तीने मूल परीक्षेच्या आदल्या रात्री जागतं. वही कुठे ठेवावी हे धास्ती शिकवत नाही.

सरकारने दप्तरालाही हात घातला होता. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली आणि धड्यांबरोबर नोंदींसाठी कोरी पानं जोडली गेली. उद्देश ओझं कमी करण्याचा होता. खरं तर पसारेवाल्या मुलासाठी ही सोय उत्तम होती: धडा आणि त्याची नोंद एकाच जागी, हरवायचं तर दोन्ही मिळून हरवणार! पण वह्या वेगळ्या हव्यातच ही शाळांची सवय सुटली नाही, मुलं दोन्ही घेऊन जात राहिली, आणि २०२५ च्या सुरुवातीला कोऱ्या पानांचा निर्णय मागे घेतला गेला. सवय लावणं मुलांनाच जड जातं असं नाही, एवढं यातून कळतं.

अशा मुलांना हे काम शिकवता येतं का, यावर बाहेर बराच विचार झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या ॲना होमायून यांनी फक्त विस्कळीत मुलग्यांवर २०१० मध्ये एक पुस्तकच लिहिलं. त्यांच्या पद्धतीचा गाभा म्हणजे विषयवार एक फाइल, तिच्यात नोंदी, गृहपाठ, वाटलेले कागद, चाचण्या आणि कोरे कागद असे पाच कप्पे, आणि दर आठवड्याला ती लावायची ठरलेली वेळ. शिकवणीच्या अनुभवातून आलेलं हे शहाणपण आहे, आणि त्याचा साधेपणा मला आवडतो. पण अमेरिकन शाळा सुट्या कागदांवर चालते, आपली शाळा शिवलेल्या वह्यांवर. आपल्या मुलाकडे वर्गपाठाची वही, गृहपाठाची वही, निबंधाची वही, प्रयोगवही, शिवाय क्लासच्या नोट्स आणि गाइड. पाच कप्पे त्याच्यापुढे ठेवले तर तो आणखी एक भानगड म्हणून ते हरवेल. आपल्याकडे पहिलं काम वस्तू कमी करण्याचं आहे. वर्गपाठ आणि गृहपाठ एकाच वहीत पुढून-मागून करू देणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या वर्गात ‘वही घरी राहिली’ हे कमी ऐकू येतं.

काटेकोर प्रयोगही झाले, बहुतेक एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याची स्थिती) असलेल्या मुलांवर. हॉवर्ड अबिकॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिसरी ते पाचवीच्या १५८ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला वस्तू लावणं, काम लिहून घेणं, वेळेचा अंदाज करणं ही कौशल्यं शिकवली. दुसऱ्या गटात मुलांना काहीच शिकवलं नाही. पालक आणि शिक्षकांना फक्त ठरलेल्या कामाबद्दल शाबासकी आणि छोटं बक्षीस कसं द्यायचं ते शिकवलं. दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले आणि नुसतं थांबवून ठेवलेला तिसरा गट मागे राहिला. याचा अर्थ कौशल्य शिकवणं फुकट असं मी लावत नाही. रोज कुणीतरी नेमकं बघतं आणि नेमकं सांगतं, हेच मुळात या मुलांच्या वाट्याला आलेलं नसतं. ‘नीट रहा’ याचा अर्थ त्यांना कळत नाही. ‘दप्तरात एकही सुटा कागद नको’ याचा कळतो.

जोशुआ लँगबर्ग यांनी २०१२ मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळेतच चालवलेल्या कार्यक्रमात वीस-वीस मिनिटांच्या सोळा बैठका होत्या. शाळेतला समुपदेशक मुलाचं दप्तर यादीप्रमाणे तपासायचा, जमलेल्या गोष्टींना गुण द्यायचा, न जमलेल्याबद्दल काही बोलायचा नाही. पालकांना स्पष्ट फरक दिसला. गंमत म्हणजे शिक्षकांच्या नोंदीत तसा फरक उतरला नाही. भरल्या वर्गात एका मुलाचं दप्तर लागलं हे शिक्षकाला कसं दिसणार? त्याच्या नजरेत तो मुलगा गेल्या वर्षीचाच असतो. म्हणून मुलाने काही बदललं की वर्गशिक्षकांना ते जाऊन सांगावं, असं मी पालकांना सुचवतो. तक्रारीसाठी आपण जातोच.

इथे एक धोका आहे. दप्तर लागलं म्हणजे अभ्यास झाला असं नव्हे. तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखन केलेली सुरेख वही आणि हातात पंचावन्न टक्के, अशीही मुलं असतात. केंट स्टेट विद्यापीठातले जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि रंगवणं या दोन्ही तळाला गेल्या. वर आल्या त्या दोन: पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यास थोडाथोडा करून दिवसांवर पसरणं. रॉडिजर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के आठवलं, वाचल्यावर न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते. आदल्या रात्रीच्या वाचनावर मुलांचा एवढा विश्वास का असतो ते यात आहे. झोपताना सगळं येत असतंच.

आपल्याकडे स्वतःची परीक्षा आणि रोजचा थोडा अभ्यास या दोन्ही गोष्टी एका जुन्या रिवाजात होत्या. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की परवचा: पाढे, पावकी-निमकी, तिथी-वार, महिने. रोज तीच वेळ, पुस्तक समोर नाही, चुकलं तर आजी तिथल्या तिथे दुरुस्त करणार. पाढ्यांच्या पलीकडे त्याचा उपयोग मर्यादित होता, आणि अर्थ न कळता म्हणायची घोकंपट्टी त्यातूनच आली, हे मान्य. पण सांगाडा पक्का होता. आज सातवीतला मुलगा रात्री जेवणाआधी दहा मिनिटं, पुस्तक मिटून, आज इतिहासात काय झालं हे बाबांना सांगत असेल तर त्याने डनलॉस्कींच्या यादीतली वरची ओळ गाठली. गाइड आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच यांनाही सरसकट शिव्या देऊ नयेत. त्यातले प्रश्न चांगले असतात. उत्तरावर हात ठेवून वापरलं तर गाइड हे स्वतःची परीक्षा घेण्याचं तयार साधन आहे. उत्तर उतरवून काढलं तर नुसती हस्ताक्षराची कसरत.

वेळेकडे वळू. जूनमध्ये भिंतीवर लागणारं वेळापत्रक सगळ्या घरांना माहीत आहे: स्केचपेनने चौकटी, पहाटे पाच ते सहा गणित, सहा ते सात विज्ञान, खेळायला अर्धा तास. हे साधारण गणपतीपर्यंतही टिकत नाही. त्यात घड्याळाला महत्त्व असतं, दिवसाला नसतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दाखवलेली युक्ती जास्त टिकाऊ आहे: अमुक झालं की तमुक करीन, असं आधी ठरवून ठेवणं. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा असं ठरवणारे बऱ्यापैकी पुढे दिसले. ‘रोज गणित करीन’ यात काही नाही. ‘दूध पिऊन पेला मोरीत ठेवला की टेबलाशी बसून पहिली तीन उदाहरणं’ यात काहीतरी आहे. तीनच, कारण बसणं हाच डोंगर असतो. बसल्यावर चौथं बहुधा होतं.

किती दिवसांत सवय लागते? एकवीस दिवसांचा आकडा व्याख्यानांतून फार फिरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. पालकांनी यातलं शेवटचं वाचावं: एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. ‘बघ, तुझ्याने होणारच नव्हतं’ हे वाक्य मात्र फरक पाडतं. लॅलींच्या अभ्यासातली माणसं मोठी होती, आणि स्वखुशीने आलेली. मुलाला जास्तच लागणार.

सगळं गाव मिळून वेळ ठरवतं तेव्हा काय होतं याचं उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी सीरियल सोडायची. कोविडमध्ये शाळा बंद असताना मोबाइलवर शिकलेली पोरं शाळा उघडल्यावरही मोबाइल सोडेनात, हे निमित्त. बातम्यांत कौतुक भोंग्याचं झालं. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते: तिथे मुलाला एकट्याला उठवून आत पाठवलेलं नाही. बाहेरच्या खोलीत बाबा क्रिकेट बघताहेत आणि आतल्या खोलीत मुलाने सनावळ्या पाठ करायच्या, ही आपल्या घरांतली नेहमीची रचना. ती दहा बाय दहाच्या खोलीत तर अशक्यच. वाड्या-वस्त्यांवर आणि चाळींत चालणाऱ्या अभ्यासिका का टिकतात, त्याचं कारण तिथलं फर्निचर नाही. आजूबाजूला सगळे तेच करत असतात.

मोबाइलबद्दल इथे थोडंच, कारण त्यावर सगळेच बोलतात. ‘असर’ २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. विश्वास आणि लाड दोन्ही मुलग्याच्या वाट्याला आधी येतात, त्याबरोबर मोहही येतो. झोपेबद्दल मात्र बोललंच जात नाही. वयात येताना झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. किशोरांना आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आत भरवू नयेत. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी नको असं ठरवलं ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. सकाळी सातच्या सत्राला डोळे चोळत जातात ते आठवी-नववी-दहावीचे. पहिल्या तासाला त्या पोराने फळ्यावरचं उतरवून घ्यावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आईबाबांनी नक्की किती हात लावावा? पॅटॉल, कूपर आणि रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये पालकांच्या गृहपाठातल्या सहभागावरचे अभ्यास तपासले. लहान वर्गांत आणि मोठ्या वर्गांत मदतीचा फायदा दिसत होता, मधल्या वर्गांत उलटच. आणि सगळ्या प्रकारांत यशाशी सर्वांत घट्ट नातं होतं ते कुठे आणि केव्हा बसायचं याचे नियम ठरवून देण्याचं. उत्तरं सांगणं, चुका खोडणं, शेजारी बसून राहणं यांना तितकी किंमत नव्हती. म्हणजे आईने गणिताच्या वहीतून बाहेर पडावं आणि टेबल, वेळ, टीव्ही यांची जबाबदारी बाबांनी घ्यावी, असं मी त्याचं मराठी घरापुरतं भाषांतर करतो.

सोपवायचं ते एकदम सोपवू नये. दप्तर भरणं सोमवारपासून तुझं, असं जाहीर करून आई बाजूला झाली की पहिल्याच आठवड्यात तीन शेरे येतात आणि आई परत दप्तराशी. आधी आठवडाभर तो भरेल आणि ती नुसती बघेल. मग ती विचारेल, ‘वेळापत्रक बघितलंस?’ एवढंच, मग तेही नाही. रविवारी संध्याकाळी अर्धा तास दप्तर रिकामं करून पुन्हा लावायचं, सुटे कागद एका जाड पाकिटात, टाकाऊ ते रद्दीत. हे काम घरकामातच धरावं, आणि जोडीला एखादं खरंखुरं घरकाम द्यावं ज्यावर इतरांचं काही अवलंबून आहे: सकाळचं दूध, पाण्याची मोटर, आजोबांच्या गोळ्या. मोटर बंद करायची राहिली की टाकी वाहते. शेऱ्यापेक्षा ते लवकर कळतं. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ विचारणं सहावीनंतर आयांनी थांबवावं. मुलाने मित्राला फोन करून विचारावं. त्याला लाज वाटेल, वाटू दे; मित्राला तर तो रोज दहा गोष्टींसाठी फोन करतो.

एवढं करूनही काही मुलांना जमत नाही, आणि तिथे सवयीची भाषा थांबवायला हवी. लक्ष न टिकणं, विसरणं, वस्तू हरवणं हे बाराव्या वर्षाच्या आधीपासून असेल, शाळेत आणि घरी दोन्हीकडे असेल आणि त्याने रोजचं अडत असेल तर एडीएचडीसाठी तज्ज्ञांकडे तपासणी करावी. शिस्तीने ते जात नाही, माराने तर अजिबात नाही. मुलग्यांत निदान जास्त होतं. मुलींमध्ये ते शांतपणे राहतं आणि निसटतं. वाचन-लेखन-गणित यांतली अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे आणि राज्य मंडळ अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन आणि नायरसारख्या रुग्णालयांत त्याची सोय आहे. रांग लांब असते, चाचण्यांना अनेक फेऱ्या होतात. दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव करण्यापेक्षा सातवी-आठवीतच सुरुवात केलेली बरी.

शाळांपुढे मी एकच मागणी ठेवतो, आणि तिला पैसे लागत नाहीत. शेवटच्या तासाची शेवटची पाच मिनिटं. त्यात शिकवायचं काही नाही. डायरी उघडा, उद्याचं लिहा, घरी न्यायच्या वह्या बाकावर काढा, शेजाऱ्याला दाखवा, दप्तरात घाला. पोर्शन कसा पूर्ण करायचा, असं शिक्षक विचारतात आणि त्यांचं खरं आहे. पस्तीस मिनिटांच्या तासातली पाच मिनिटं म्हणजे आठवड्याला एक तासही नाही. ‘वही कुठे आहे’, ‘घरी राहिली सर’, ‘उभा रहा’ या संवादात दर तासाला किती मिनिटं जातात ती एकदा मोजून बघावीत. सहावीपासून हे केलं तर दिवाळीपर्यंत घंटेच्या आधीच काही पोरं डायरी काढायला लागतात. काहींना मार्च उजाडतो.